हजारावा भागाकार

मी सहा कोटी सत्तावीस लाख त्र्याहत्तर हजार नऊशे तेरा. दमलात ना वाचताना? मग मला डाव्या हातानं भागायला बसलेल्या माणसाचे काय हाल झाले असतील!

माझा जन्म रुग्णालयातल्या फाइलवरचा क्रमांक म्हणून झाला. ती फाइल बाबांची. पुलांचे नकाशे तपासण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्त होऊन वर्ष होतंय तोच पक्षाघातानं उजवा हात नेला. घरी आल्यावर मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, "बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही." बाबांनी ते ऐकलं. मला फाइलवरून वहीत उतरवलं आणि सुनेला म्हणाले, "ही मूळ संख्या दिसतेय. सिद्ध करून दाखवतो. एक जरी चूक निघाली, तर पेन खाली ठेवीन. पुन्हा हात लावणार नाही."

पण मी मूळ नाही, संयुक्त आहे, दोन संख्यांच्या गुणाकारातून बनलेली. दिसते मात्र साळसूद. विषम आहे, अंकांची बेरीज अडतीस, म्हणून तीनला दाद देत नाही. पाच, सात, अकरा, तेरा, सगळे हात हलवत परत जातात. माझे दोन्ही अवयव पार टोकाला दडलेत.

माझं वर्गमूळ सात हजार नऊशे तेवीसच्या आतबाहेर, त्यापुढचे भाजक तपासायची गरजच नसते. तिथवर बरोबर हजार मूळ संख्या आहेत, असं बाबांच्या जुन्या पुस्तकात होतं. हजार ओळी आखल्या. एका ओळीत एक भागाकार. सून भाजक वाचून दाखवी, बाबा वाकड्या अक्षरात भागत. चौदा महिने चाललं हे. ओळ हजारावर आली आणि बाबांनी खाली दुहेरी रेघ मारली. गणिताच्या मासिकाला पाठवायचं ठरलं. टपालपेटी दुपारी एकला उघडायची.

साडेअकराला सून स्वच्छ प्रत करायला बसली. पहिल्याच ओळीवर तिचं पेन थांबलं. भाजक एक.

नवं काम एकानं सुरू करायचं, ही बाबांची नकाशांपासूनची सवय. पण एक ही मूळ संख्या नव्हे. म्हणजे भागाकार नऊशे नव्याण्णवच झाले होते. एक राहिला होता, आणि तो कोणता हे मला ठाऊक होतं.

तिनं बाबांकडे पाहिलं. ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. बोलावं तर त्यांचं पेन जाणार, न बोलावं तर चूक छापून येणार. मला तिची भयंकर दया आली. बारा वाजून गेले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "पहिली ओळ एकदा बघता का?"

बाबांनी वही ओढली. चेहरा उतरला. वहीची शेवटची ओळ काढून म्हणाले, "पुढची मूळ संख्या कोणती?"

"सात हजार नऊशे एकोणीस."

बाबा भागू लागले. सात. पंचावन्न हजार चारशे तेहेतीस वजा. नऊ. दोन. शेवटी खाली उरलं पुन्हा पंचावन्न हजार चारशे तेहेतीस. वर तोच आकडा पाहून ते थबकले. सात लिहिला. बाकी शून्य.

त्यांनी पेन खाली ठेवलं. सुनेचे डोळे भरून आले.

"चूक निघाली," बाबा म्हणाले.

"निघाली. पण काढली कुणी? मी फक्त ओळ दाखवली. डोकं चालत नसतं, तर तुम्ही भागून बघितलं असतं का?"

एक वाजला. कुणी उठलं नाही. मग डावा हात सावकाश पुढे आला, त्यानं पेन उचललं, पहिली ओळ खोडली आणि दोनच्या भागाकारापुढे नवा क्रमांक घातला, एक.

आता रोज पंचवीस ओळींचे क्रमांक बदलतायत. मी वहीच्या शेवटी आहे, सात हजार नऊशे एकोणीस गुणिले सात हजार नऊशे सत्तावीस अशी. कुणाचं डोकं चालतं की नाही हे ठरवायची घाई झालीच, तर त्याआधी त्याच्या हातात एक भागाकार द्या आणि जरा थांबा.