कासवाचा पत्ता हंडीत

मिरकरवाड्याच्या बंदरात नासिर तांडेलांचं ऑफिस म्हणजे बर्फाच्या कारखान्याला टेकलेली एक खोली. आत एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि दोरांची तुटकी टोकं. ती टोकं स्वरूपची. स्वरूप मूळचा केळशीचा, ऑफिसातलं सगळं लिहिणं-टिपणं त्याच्याकडे. कुठलीही वस्तू टाकून देताना त्याचा जीव अर्धाच तयार असतो. गावाच्या नावाचा प्रश्न आला की मात्र जीव पूर्ण तयार.

त्या दिवशी सकाळी त्याने कॉम्प्युटर साफ केला. समुद्रातल्या पाण्याखालच्या प्रत्येक खडकाचं एकेक फोल्डर होतं. त्यात खडकाची जागा आणि कुठल्या बाजूने जाळं ओढू नये ते. एकाच खडकाची दोन फोल्डरं त्याला सापडली. बुरोंडीवाले त्या खडकाला ‘हंडी’ म्हणतात, केळशीवाले ‘कासव’. आत सगळं तेच. एक ठेवायचं तर कुठलं, हे केळशीच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने हंडी पुसली.

संध्याकाळी नासिरची मुलगी कौसर बोटीवरच्या जीपीएसचं मेमरी कार्ड भरायला बसली. पहाटे बोट निघणार होती. नासिरचे गुडघे गेलेले, म्हणून पहिल्यांदाच भाचा झैन बोट नेणार होता, आणि दोन दिवस धुक्यातून किनारा दिसत नव्हता. खडकांच्या जागा कार्डात नसतील तर जाळं थेट दगडावर.

कार्ड अर्ध्यावर थांबलं. कासव उघडेना.

“हंडी कुठे गेली रे?” कौसरने विचारलं.

“पुसली. कासव आहे ना, तेच ते.”

“स्वरूपशेठ, तेच ते नव्हतं.”

नासिर खुर्चीतून पुढे वाकले. “झैन उद्या निघायचा आहे. काय ते नीट सांगा.”

“घाबरू नका चाचा,” स्वरूप म्हणाला. “मी डी ड्राइव्हमधली पुसली. एम ड्राइव्हवर दुसरी प्रत आहे.”

त्याने एम उघडला. तिथेही हंडी नव्हती. बिचारा दोनदा बंद करून उघडून बसला.

“एम नावाची डिस्क आपल्याकडे नाहीच,” कौसर म्हणाली. “डी मधल्या ‘खुणा’ फोल्डरला मी एम हे नाव दिलंय. लांब पत्ता लिहायला नको म्हणून. एकाच घराला दोन दारं.”

“मग कासव?”

“कासव ही नुसती पाटी. एखाद्याने विचारलं, एम मधलं कासव कुठाय? मशीन आधी एम कुठाय ते बघतं, खुणा फोल्डरमध्ये येतं. तिथे कासव शोधतं. कासव म्हणतं, मला काही विचारू नका, हंडीकडे जा. मशीन हंडीच्या दारात जातं. आज घर जागेवर नाही.”

“पण आत सगळं दिसत होतं की.”

“हंडीतलं दिसत होतं तुला.”

नासिर हसले नाहीत, पण त्यांना रस वाटू लागला होता. “बंदरावर माझा पत्ता असाच विचारतात. चहावाला म्हणतो बर्फवाल्याला विचारा, बर्फवाला इकडे धाडतो. मी गेलो तरी ते दोघं लोकांना धाडतच राहतील.”

“तसंच, अब्बा. पाटीला माहीत नसतं की घर आहे की नाही.” मग ती स्वरूपकडे वळली. “रिसायकल बिन रिकामा केलास?”

स्वरूपने कोपऱ्यातल्या दोरांच्या टोकांकडे पाहिलं. “मी आणि रिकामा करीन?”

हंडी तिथे पडलेली होती. स्वरूपचा चेहरा खुलला, आणि लगेच डोकंही चालायला लागलं. “असं करू. ही बाहेर काढू आणि हिलाच कासव नाव देऊ. पाटी काढून टाकू.”

“झैन बुरोंडीचा. बोटीवरच्या पडद्यावर हंडी शोधणार.”

“मग दोन्ही खऱ्या ठेवू.”

“गेल्या वर्षी अब्बांनी ती जागा सुधारली. दोन प्रती असत्या तर एक सुधारली असती, दुसरी राहिली असती. मग झैनने कुठल्या खडकाला चुकवायचं?”

कौसरने माउस त्याच्यापुढे सरकवला. “तूच आण परत.”

स्वरूपने हंडीवर जाऊन ‘रिस्टोअर’ दाबलं. हंडी जुन्या जागी, जुन्या नावाने आली. मग त्याने कासव उघडलं. उघडलं.

“मी तर याला हातही लावला नाही,” तो म्हणाला. पुन्हा बंद केलं, पुन्हा उघडलं. एमच्या वाटेने कासव आणि हंडी उघडली, मग डीच्या वाटेने दोन्ही. चारी वाटा एकाच खडकावर येत होत्या. “आणि उलट करता येईल? कासव खरं, हंडी पाटी?”

“येईल.”

“मग?”

“बोट परत आली की कर.”

“कर की,” नासिर म्हणाले. “खडकाला कोण विचारतंय. आज मात्र तुझं कासव बुरोंडीच्या हंडीत बसलंय, तिथेच बसू दे.”

कार्ड शेवटपर्यंत भरलं. ते धक्क्यावर नेऊन द्यायला स्वरूप स्वतःच उठला. दारातून परत फिरला.

“चाचा, झैनला सांगू ना, कासव शोधलं तरी सापडेल म्हणून?”

“सांग. पण आधी हंडी सांग.”