अकरा वर्षं जपलेला मांजा

आमच्या ह्यांना सगळं नंतर लागतं. नवा शर्ट नंतर घालू, पेरू नंतर खाऊ. मग पेरूत अळ्या होतात आणि शर्ट पोटावर बसत नाही. चाळीस वर्षं मी डोकं फोडतेय, पण ऐकतील तर शपथ.

त्यातला कळस म्हणजे ती फिरकी. अकरा वर्षांपूर्वी सुरतेला जाऊन, एका म्हाताऱ्या कारागिरासमोर दिवसभर उभं राहून ह्यांनी तिच्यावर मांजा भरून घेतला. कशाला, तर समोरच्या गच्चीवरच्या चिनुभाईंचा पतंग कापायला. दोघं लंगोटीयार, पण उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, दिवशी पक्के वैरी. आणि ह्यांना चिनुभाईंचा पतंग जन्मात एकदाही कापता आलेला नाही. एवढा मांजा घरात, तरी दर वर्षी बोट ओलं करून वर धरायचं आणि म्हणायचं, आज वारा त्या लायकीचा नाही. की फिरकी परत कपाटात. मग बाजारच्या दोऱ्यावर लढायचं, हरायचं आणि उंधियु खाऊन घोरत पडायचं.

यंदा चिनुभाईंनी घर विकलं. महिन्याभरात ते मुलीकडे नडियादला जाणार. हे ऐकल्यावर आमचे हे दोन दिवस धड जेवले नाहीत. उत्तरायणाच्या सकाळी वारा कसा आहे हेसुद्धा न बघता फिरकी घेऊन गच्चीवर.

मी फिरकी धरली. पतंग छान चढला, चिनुभाईंच्या जांभळ्या पतंगाशी पेच लागला, ह्यांनी हिसका दिला आणि मांजा ह्यांच्याच बोटापाशी तुटला. दुसरा पतंग बांधला, तोही गेला. मी दोरा दोन बोटांत धरून ओढला, तर शेवेसारखा तुटला. अकरा पावसाळ्यांत पार कुजून गेला होता. आजूबाजूच्या गच्च्या खिदळत होत्या आणि हे पाण्याच्या टाकीला टेकून खालीच बसले.

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि मग असा संताप आला की विचारू नका. मी म्हटलं, "मांजा कुजला, माणूस अजून समोर उभा आहे ना? बसा इथेच. तो नडियादला गेला की पत्र लिहा त्याला."

हे उठले आणि जिना उतरले. आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या गच्चीवर कोणी शिंकलं तरी इकडे कळतं. दोन मिनिटांनी हे तिकडे दिसले. चिनुभाईंची फिरकी पूर्वी त्यांच्या पत्नी सविताबेन धरायच्या. त्या गेल्यापासून ते ती दोन पायांत अडकवून पतंग उडवतात. ह्यांनी न विचारता ती उचलली.

चिनुभाईंनी मान वळवली नाही. म्हणाले, "इंद्रवदन ना? तुझ्या त्या मांज्याची मी दर वर्षी वाट बघायचो. आता बघून उपयोग नाही. कित्येक वर्षं झाली, वर नुसतं पांढरं दिसतं मला. हाताला जे कळतं, त्यावर उडवतो."

म्हणजे गेली कित्येक वर्षं आमचे हे ज्याला दिसत नाही अशा माणसाकडून हरत होते. एरवी मी यावर महिनाभर टोमणे मारले असते, पण त्या वेळी मी हातातली कुजक्या मांज्याची फिरकी खाली ठेवली.

ह्यांनी वर बघितलं. "डावीकडून हिरवा येतोय. ढील दे."

दिवसभर तेच चाललं. हे सांगायचे, ते उडवायचे. सात पतंग कापले दोघांनी, आणि लहान पोरांसारखे बोंबलले. मी उंधियु तिकडेच नेऊन दिला, तर उभ्या उभ्या खाल्ला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा चिनुभाईंच्या हातातला दोरा एकदम सैल पडला. त्यांनी विचारलं, "कोणाचा गेला रे?"

जन्मभर त्या पतंगाच्या वाईटावर असलेला माझा नवरा लांब जाणाऱ्या जांभळ्या ठिपक्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते.

"आपला गेला, चिनु," हे म्हणाले. "थांब, दुसरा बांधतो. उजेड आहे अजून."