पत्ता चुकलेले डबे

"झाकण लगेच उघडू नका, वाफ आहे," असं म्हणत गायनमंडळाच्या थोरल्या बाईंनी डबा माझ्या हातात दिला आणि त्या दारातच उभ्या राहिल्या. सोमवार दुपारपर्यंतचा हा तिसरा डबा होता.

"बाई, हे सगळं कशासाठी?"

"तेच मी विचारते. एवढं कळवायला चिठ्ठी कशाला लागते? घरच्यांसारखं तोंडानं सांगायचं."

"कुठली चिठ्ठी?"

बाईंनी डोळे बारीक केले. "बरोबर आहे. नाव नव्हतंच तिच्यावर. आम्हीही कुठं बोलणार नाही."

आमच्या चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला प्रार्थना हवी असेल त्यानं चिठ्ठी लिहून तिच्यात टाकायची, नाव घालायचं नाही. रविवारी पाळकसाहेब त्या वाचतात. कालच्या रविवारी एक चिठ्ठी अशी होती : 'दोन महिने घरात चूल दिवसातून एकदाच पेटते. धीर सुटत चालला आहे.' मग सगळ्यांनी डोळे मिटले. मिटण्याआधी माझ्याकडे पाहिलं असणार. आमची ही जाऊन सात महिने झाले होते. सदरा खुंटीला टांगावा तसा माझ्या अंगावर लोंबत होता. पैशाची मला ददात नव्हती. तीस वर्षं घरोघरचे पाण्याचे मीटर वाचले, त्याची पेन्शन येते. पण स्वयंपाकघरात पाऊल टाकवत नव्हतं. चहा-बिस्किटांवर दिवस निघत होते.

चिठ्ठी माझी नाही, हे मी प्रत्येकाला सांगितलं. जितकं सांगितलं तितके डबे वाढले. मंगळवारी सकाळी नर्सबाई सूप घेऊन आल्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्वाभिमान असावा काका, पण पोट भरून असावा."

त्याच दिवशी संध्याकाळी मास्तर आला. हा मास्तर शाळेतला नव्हे. तो वेताच्या खुर्च्या विणतो. पाठ वाकवून बसलेलं माणूस त्याला बघवत नाही, चर्चमध्येही मागच्या बाकावरून टोकतो, म्हणून हे नाव पडलं. त्या दिवशी मात्र तो स्वतःच वाकून बसला. टेबलावरची डब्यांची रांग पाहून आधी हसला, मग माझ्याकडे वळला.

"दादा, ती चिठ्ठी माझी."

मी त्याच्यासमोर बसलो.

"सांगून टाकावं म्हटलं. नाहीतर तुम्हाला वाटायचं, सगळ्या मंडळीला वेड लागलंय."

मग त्यानं सांगितलं. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तेव्हाही तो टिकला होता, कारण एका मोठ्या कचेरीतल्या सगळ्या खुर्च्या दर वर्षी त्याच्याकडे यायच्या. यंदा कचेरीनं चाकांच्या नव्या खुर्च्या घेतल्या. काम संपलं, दुकानाचं भाडं थकलं. येत्या शनिवारी किल्ली द्या, असं मालकानं सांगितलं होतं.

"किल्ली द्यायची आणि गोदामावर पहारेकरी म्हणून लागायचं. बोलून ठेवलंय. तिथं बसायला एक पत्र्याचा ड्रम आहे."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"तिला सांगितलंय, काम आहे, पैसे अडकलेत."

"मग दिवसभर दुकानात करता काय?"

"एक स्टूल आहे. सकाळी विणतो, संध्याकाळी उसवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला रिकामा बसलेला दिसू नये." तो हाताची बोटं चोळत राहिला. "प्रार्थनाही होत नव्हती, दादा. गुडघे टेकायचो आणि तसाच उठायचो. म्हणून चिठ्ठी टाकली. दुसऱ्या दिवशी डबे निघाले. म्हणजे ऐकलं त्यानं. पत्ता तेवढा तुमचा लागला."

आम्ही दोघंही हसत सुटलो. शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावून गेलं. या घरातून सात महिने तसा आवाज आला नव्हता.

"हे सगळे डबे घेऊन जा," मी म्हणालो.

"घरी काय सांगू? कुणाचा डबा कुठला, हे बायको झाकणावरून ओळखते."

"मग उद्या दुपारी दोघं इकडं जेवायला या. एकट्याला संपत नाही म्हणावं. यात काही खोटं नाही."

"फुकट नाही जेवणार."

खिडकीजवळ हिची खुर्ची होती. वेताच्या बैठकीला हाताएवढं भोक पडलेलं. मास्तरांकडे टाका, मास्तरांकडे टाका, असं ती दोन वर्षं म्हणत होती. मी भोकावर फळी टाकून वर उशी ठेवली होती. शेवटपर्यंत ती त्या फळीवर बसली. मास्तरानं उशी उचलली, फळी काढली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

"दुकानात नेतो," तो म्हणाला.

"नको. ती घराबाहेर नको. इथंच विणा."

उजेड दारात चांगला येतो, म्हणून बुधवारी सकाळी तो दारातच बसला. शेजारी बादलीत वेत भिजत घातलेले. आधी उभे ओवले, मग आडवे, मग तिरके. डबा घेऊन येणाऱ्याला त्याच्या बादलीवरून पाय टाकूनच आत यावं लागे.

"अय्या, तुमचं चालू आहे अजून?" नर्सबाई म्हणाल्या. "मला वाटलं बंद केलंत."

"मी चालू आहे, नर्सबाई. लोकच बसायचे बंद झाले."

"आमच्या आजोबांची आहे माळ्यावर. पोरं तिच्या भोकात पाय घालून खेळतात."

"पोरांना दुसरं खेळणं द्या. आजोबा इकडे पाठवा."

दुपारी त्याची बायको आली. आम्ही तिघं जेवायला बसलो. तिनं पाव मोडला आणि माझ्याकडे पाहत म्हणाली, "भाऊजी, यांच्या कपड्यांना आज ओल्या वेताचा वास येतोय."

"येणारच. सकाळपासून बसलेत."

"दोन महिने येत नव्हता."

मास्तराचा घास हातातच राहिला. "तुला माहीत होतं?"

"कपडे कोण धुतं?" ती म्हणाली. "तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून थांबले. आणि मी 'मला भूक नाही' म्हणायचे, ते खोटं तुम्हाला कळलं नाही. फिटंफाट."

मग तिनं पाव हातात धरूनच डोळे मिटले. "प्रभू, आम्ही एकमेकांपासून लपवत बसलो. तुझ्यापासून काही लपलं नव्हतं. आता जेवतो. आमेन."

एवढी आखूड प्रार्थना मी चर्चमध्ये कधी ऐकली नव्हती. मास्तर मात्र बराच वेळ डोळे मिटूनच होता. शेवटी तिनं कोपरानं ढोसलं, तेव्हा जेवायला लागला.

शुक्रवारी खुर्ची पुरी झाली. "आज बसू नका," मास्तर म्हणाला. "सुकता सुकता वेत आपोआप ताणतो. ओला असताना भार टाकला तर झोळ पडतो."

मी थांबलो. शनिवारी सकाळी तिच्यावर बसलो. थोडा रडलो. मग उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बटाटे उकडत ठेवले. पोटभर खाल्लं, थोरल्या बाईंची मोडकी खुर्ची डोक्यावर घेतली आणि दुकानाकडे निघालो. त्यांनी ती आदल्या दिवशी डब्यासोबतच माझ्याकडे आणून टाकली होती.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नर्सबाईंचे आजोबा आले होते, पाळकसाहेबांच्या चार खुर्च्या आल्या होत्या, आणखीही कुणाकुणाच्या होत्या. मास्तर टबात कोपरापर्यंत हात घालून वेत खालीवर करत होता. तेवढ्यात मालक आला.

"किल्ली?"

"खिशात आहे. हात ओले आहेत."

मालकानं इकडे तिकडे पाहिलं. "एवढ्या कुठून आल्या?"

"मागितल्या होत्या," मास्तर म्हणाला. "देणाऱ्यानं या दादांच्या दारात ठेवल्या. तिथून उचलून आणल्या."

मालकानं माझ्याकडे पाहिलं. मी डोक्यावरची खुर्ची खाली ठेवली.

"म्हणजे भाडं येणार?"

"येणार. एकदम नाही, थोडं थोडं."

मालकानं बोटानं खुर्च्या मोजल्या. मग म्हणाला, "बसायला तरी द्या. बसून बोलू."

मास्तरानं सगळीकडे नजर फिरवली. मीही फिरवली. दारापर्यंत खुर्च्याच खुर्च्या, आणि एकीलाही धड बैठक नाही.

"आज उभ्यानंच बोला, मालक," मास्तर म्हणाला. "पुढच्या शनिवारी बसायला देतो."

मालक हसला नाही. पण किल्लीसाठी पुढे केलेला हात त्यानं मागे घेतला आणि मोडक्या खुर्च्यांमधून वाट काढत बाहेर पडला. मास्तरानं टबातून एक लांब ओला वेत काढला, बोटांमधून ओढून पाणी निथळवलं आणि दुसरं टोक धरायला माझ्या हातात दिलं.