विठोजी अण्णांचा उजवा डोळा

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे, घड्याळजीच्या डोळ्यावर बसणारं. कानडी मुलखातल्या चिकपेटेतले विठोजी अण्णा मला उजव्या डोळ्याच्या खोबणीत धरत, डावा डोळा गच्च मिटत, आणि केसाएवढी स्प्रिंग मी त्यांना दोरीएवढी करून दाखवी. गिऱ्हाइकं अण्णांच्या हाताचं कौतुक करायची. माझं कोण करणार? पण मनातून मला भारी अभिमान वाटे.

एका सकाळी अण्णा थबकले. मला पुसलं, फुंकर मारली, पुन्हा पुसलं. "भिंगावर डाग पडलाय," म्हणाले. छे हो, माझ्यावर कसला डाग! त्यांच्या डोळ्याच्या पडद्यातून रक्त परत नेणारी शीर तुंबली होती. ना दुखणं, ना लाली. कळणार कसं?

बायकोला, अंबुबाईंना, मात्र शंका आली.

"अहो, चहा कपात ओता, टेबलावर काय ओतताय? डॉक्टरकडे चला."

"सरी, सरी, बरं बरं! स्वल्प धुरकट दिसतंय, एवढंच. दुसरा डोळा आहे की!"

डोळ्यात सुई टोचतील याची त्यांना धास्ती होती. बीपीची गोळीही ते सर्रास चुकवत; चढलेल्या बीपीनं डोळ्यातली शीर तुंबू शकते, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मला त्यांनी डाव्या डोळ्यावर बसवलं आणि काम चालू ठेवलं.

उजव्या डोळ्यात रक्त झिरपत राहिलं, पडदा सुजत गेला. डावा डोळा मिटला की अंबुबाईंना चेहराच नसे. कानातल्या कुड्या तेवढ्या दिसत. अण्णा घाबरून डावा डोळा पटकन उघडत. पुढे आत नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवल्या, डोळ्यातला दाब चढला आणि डोळा असा ठणकला की अण्णा डोकं धरूनच दवाखान्यात गेले.

"दुखणं थांबवू आपण," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण या डोळ्याची नजर आता परत येणार नाही. धुरकट दिसलं तेव्हाच यायला हवं होतं." अंबुबाई पदरात तोंड लपवून रडल्या.

मित्रांनो, दुसरा डोळा आहे म्हणून पहिल्याला सोडून देऊ नका. अधूनमधून एकेक डोळा झाकून बघा. अचानक धुरकट दिसलं, तर दुखायची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

अण्णा अजून दुकानात बसतात. पण जन्माची सवय! सकाळी त्यांचा हात मला आपसूक उजव्या डोळ्याकडेच नेतो. डोळा उघडा असतो, ओला, माझ्यावर रोखलेला, आणि आत कुणीच नसतं. मला फार भीती वाटते तेव्हा. अण्णा क्षणभर तसेच बसून राहतात. मग मला खाली घेतात आणि पुसू लागतात.

मी स्वच्छ आहे, अण्णा.