वाडग्याखालचे दाणे

आमची गंगी नर्स. मिशनच्या दवाखान्यात शिकली आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने स्कॉटलंड नावाच्या मुलखात, समुद्रकाठच्या एका लहानशा गावी इस्पितळात कामाला गेली. चौसष्ट साली मोहाची फुलं पडायच्या दिवसांत ती सुट्टीवर घरी आली. तिथल्या इस्पितळाला ती कायमची हवी होती आणि इथल्या दवाखान्यातही जागा रिकामी होती. सुट्टी संपायच्या आत तिने काय ते ठरवायचं होतं. माझ्या बायकोने, रूपीबाईने, मात्र केव्हाच ठरवून टाकलं होतं की पोरगी आता नवापूर सोडणार नाही. कारण त्या गावासमोरच्या पाण्यात अमेरिकेच्या अणूवर चालणाऱ्या पाणबुड्या येऊन राहिल्या होत्या.

संध्याकाळी आमचा शेजारी गोवाल अंगणात येऊन बसला. तापीपेक्षा मोठं पाणी त्याने कधी पाहिलं नव्हतं, मीही नाही.

"कशी असते गं ती?" त्याने विचारलं.

"काळी. इथून चर्चपर्यंत लांब. खिडकी नाही, काही नाही. पाण्यावर पाठ तेवढी दिसते, म्हशीसारखी."

"म्हैस निदान नाक तरी वर ठेवते."

"ही नाकही बुडवते, काका. दोन-दोन महिने खालीच. आत शंभरावर माणसं असतात. श्वासाची हवासुद्धा पाण्यातूनच काढतात."

गोवालच्या हातात काडी जळत राहिली. विडी पेटवायचं तो विसरून गेला.

"आणि चूल?" रूपीबाई म्हणाली.

"लाकूड नाही, कोळसा नाही. अणूची आग. एकदा पेटली की काही वर्षं विझत नाही."

मी आमच्या चुलीकडे पाहिलं. सकाळीच मी डोंगरातून मोळी आणली होती, आणि ती चार दिवस पुरली असती.

"तिच्या पोटात बाँब असतात, बाबा. एकच सुटला तर अख्खी सुरत उरणार नाही."

भीती मला वाटली, पण तिच्याआधी छाती भरून आली ती नवलाने. माणसाला ताप आला तर तो आडवा होतो, काटा रुतला तर लंगडतो. त्याच माणसाने हे कसं केलं असेल?

"तिथले लोक गप्प बसले?" मी विचारलं.

"नाही. कित्येक जण पाट्या घेऊन धक्क्यावर बसतात आणि पोलीस त्यांना उचलून नेतात. दुकानदार मात्र खूश, खलाशांची गिऱ्हाइकी वाढली. बायका मला विचारतात, मासे खाऊ का, पोराला दूध पाजू का. मी नर्स ना! मला तरी काय ठाऊक? लढाई पेटली तर पहिला बाँब आपल्यावर, एवढं सगळेच म्हणतात."

"आणण्याआधी विचारलं नव्हतं त्यांना?" गोवाल म्हणाला.

"कुठलं!"

"आपल्यालाही तापीवरच्या उकाईच्या धरणाचं कुठं विचारलं? गोऱ्यांनाही विचारत नाहीत म्हणतेस? बरं वाटलं ऐकून."

आम्ही हसलो. रूपीबाई हसली नाही.

"तू तिथली जागा पाहिली होतीस का?" तिने विचारलं.

आमच्यात घर बांधायच्या आधी जागा पाहतात. जमिनीवर तांदळाचे दाणे जोडीजोडीने एकमेकांना टेकवून ठेवायचे आणि वर पळसाचं पान झाकायचं. सकाळी जोड्या तशाच असल्या तर जागेने आपल्याला घेतलं. दाणे फाकले असतील तर दुसरीकडे जायचं. आम्ही ख्रिस्ती झालो तरी ही रीत सुटली नव्हती, आणि पाद्रीसाहेबांनी कधी त्याबद्दल विचारलं नाही.

"ठेवले होते दाणे," गंगी म्हणाली. "मी जिच्या घरी राहते त्या म्हातारीच्या परसात. तिने खिडकीतून पाहिलं. मला वाटलं हसेल. मी समजावून सांगितलं, तर ती आत गेली आणि चिनी मातीचा वाडगा घेऊन आली. म्हणाली, पान वाऱ्याने उडेल, हा पालथा घाल."

"मग?"

"सकाळी मी गेले, तर ती माझ्याआधीच तिथं उभी. झोपेच्या कपड्यांतच, अनवाणी. तिच्या मागे समोरच पाणबुडी दिसत होती. मी वाकले तशी तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, उघडू नकोस. दाणे वेगळे निघाले तर तुला तुझं गाव आहे. मी कुठं जाऊ? माझा नवरा याच पाण्यात मासे धरायचा, माझं सगळं इथंच."

"म्हणजे तू उघडलंच नाहीस?"

"नाही, आई. वाडगा अजून तिथंच आहे. शेजारीही कोणी हात लावत नाहीत. गवत कापणारासुद्धा वळसा घालून जातो."

एवढी मोठी ती पाणबुडी समोर उभी, आणि त्या गल्लीतली माणसं एका वाडग्याला जपून चालतात!

"वेडे," रूपीबाई म्हणाली, "दाणे रिकाम्या जागेवर ठेवतात. जिथं कुणाची चूल पेटलेली असते तिथं नाही. तू विचारलंस तुझ्यासाठी आणि कौल बसला तिच्या डोक्यावर."

गंगीने मान खाली घातली. रूपीबाई उठली आणि वाळलेली मोहाची फुलं सुपात गोळा करू लागली. मग मागे न वळताच म्हणाली, "तिथल्या इस्पितळाला येते म्हणून कळव."

"वहिनी," गोवाल म्हणाला, "सकाळी तर पोरीला दारातून हलू देत नव्हतीस!"

"नव्हतेच देत. पण दाणे ज्याने ठेवले त्यानेच उघडायचे असतात. ही इथं राहिली तर ती बाई मरेपर्यंत त्या वाडग्याकडे बघत बसेल. एका पाणबुडीकडे बघणं पुरे नाही का तिला?"

"आणि दाणे फाकलेले निघाले तर, आई?" गंगीने विचारलं.

"तर ते तिला एकटीला बघायला लागू नये."

सुरतेच्या गाडीत गंगी बसली तेव्हा रूपीबाई रडली नाही. खिडकीपाशी जाऊन तिने त्या म्हातारीचं नाव विचारलं. रविवारी प्रार्थनेत घ्यायचं होतं. ॲग्नेस, गंगी म्हणाली. गाडी हलली तरी रूपीबाई ते नाव तोंडात बसवत फलाटावर चालत राहिली.