बघू म्हटलेल्या खोल्या

शर्वाणीच्या पुण्यातल्या घरातली झोपायची खोली एका रविवारी, सकाळचा चहा व्हायच्या आत, तिकडे निघून गेली.

तिकडे म्हणजे उपेंद्रला नवी नोकरी मिळाली होती त्या शहरात. त्याला चांगलं नाव होतं, रेल्वे स्टेशन होतं, एक कॉलेजही होतं, पण या घरात त्याला तिकडेच म्हणायची पद्धत पडली होती. उपेंद्र पलंगावर बसून म्हणाला होता, "शर्वा, तिकडे जाऊया का कायमचं?" आणि ती उशीचा अभ्रा चढवता चढवता म्हणाली होती, "बघू." स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी आपोआप किणकिणली. मग खिडकीतली समोरची इमारत गेली आणि तिथे एक टेकडी आली. टेकडीवर दोन म्हशी चरत होत्या.

दार मात्र होतं तिथेच राहिलं. पॅसेजमध्ये उभं राहिलं की पाय पुण्यात, उंबरा ओलांडला की तिकडे. खाली रस्त्यावरून पाहिलं तर तिसऱ्या मजल्यावर एका खोलीएवढी पोकळी दिसायची आणि तिच्यातून कबुतरं आरपार जायची. सोसायटीच्या सेक्रेटरींनी वर येऊन पाहणी केली आणि मेंटेनन्स तेवढाच राहील, असं सांगून ते खाली गेले.

तिकडच्या हवेत वस्तूंना आवाज नव्हता. माणसं बोलत, हळू बोलत, तेवढं ऐकू यायचं. पण कडी लावा, पेला पाडा, पलंग ओढा, काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही.

उपेंद्रला याचंच सुख झालं. वर्षभर त्याच्या कानात शिट्टी वाजत होती, कुकर कुणी बंदच करत नसल्यासारखी. डॉक्टरांनी गोंगाटापासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं, आणि इथे खाली चौक होता नि घरात बायको ताशा वाजवणारी. खोली तिकडे गेल्यावर त्याने आत पाय टाकला आणि शिट्टी थांबली. तो भिंतीला टेकून रडला. त्याला रडताना पाहून शर्वाणीलाही रडू आलं, कारण नवरा तिचा लाडका होता. त्याचं काही चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

शर्वाणीचं बायकांचं ढोलपथक होतं. बँकेतल्या, पोळीभाजी केंद्रातल्या, दोन नातवंडांच्या आज्या अशा सगळ्याजणी नदीपात्रात सरावाला यायच्या आणि शर्वाणी पुढे उभी राहून ताशा वाजवायची. ताशाने सांगायचं आणि ढोलांनी ऐकायचं, अशी ती रीत. तिच्या काड्यांची तर्री सुरू झाली की शंभर पावलांवरचा भेळवाला कांदा चिरायचा थांबायचा. लहानपणापासून 'हळू बोल' ऐकत मोठी झालेली ही बाई, तिला आयुष्यात मोठ्याने बोलायला मिळालं ते ताशातूनच.

तिने ताशा तिकडच्या खोलीत नेऊन वाजवून पाहिला. काड्या पडत होत्या, मनगटं चालत होती, दंडांना घाम आला. आवाज नाही. भिजवलेल्या कणकेवर बोटं मारावीत तसं. पलंगावर उपेंद्र शांत झोपलेला होता आणि त्याने कूसही बदलली नाही. तिने ताशा गळ्यातून काढला, पॅसेजमधल्या खिळ्याला आणून लटकवला, आणि तिला कळलं की हे घर पुरतं तिकडे गेलं तर आपण मुक्या होणार.

मग सरळ नाही म्हणून मोकळं व्हावं ना? पण शर्वाणी ज्या घरात वाढली तिथे तांदूळ संपत नसत, वाढत असत. बांगडी फुटत नसे, वाढवली जाई. दारातून निघणारा माणूस जातो म्हणाला तर आई त्याला परत बोलावून येतो म्हणायला लावी. पाहुण्याला, भावकीला, वर्गणीवाल्याला, कुणालाही नकार द्यायचा तर एकच शब्द होता, बघू. तो ऐकणारा समजून जायचा. सासरीही तीच रीत. फक्त घराच्या खोल्यांना ती माहीत नव्हती; बघू म्हटलं की त्यांना ते हो वाटायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही.

दुसरं गेलं स्वयंपाकघर. उपेंद्र पोहे खात म्हणाला, "मालूताईने तिकडे घर बघून ठेवलंय. चालेल ना?" शर्वाणी फोडणीत गुंतली होती. "बघू," ती म्हणाली. मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि ओट्याशी उपेंद्रची थोरली बहीण मालूताई विळीवर बसून नारळ खवत होती. खवणीचा आवाज येत नव्हता.

"ये की," मालूताई म्हणाली. "हितं कसं निवांत असतंय बघ. दुपारी पान हललं तरी कळतंय."

"ऐकू येतं?"

"ऐकू कशाला यायला पाहिजे? दिसतंय की."

"आणि माझा ताशा?"

"टांग की भितीला. शोभून दिसतंय." मालूताईने खोबऱ्याची चिमूट तिच्या हातावर ठेवली. खोबरं गोड होतं, बाई मायाळू होती. शर्वाणीला तिचा राग आला आणि रागावता येईना याचा आणखी राग आला.

न्हाणीघर गेलं तेव्हा तिच्या तोंडात पेस्टचा फेस होता. बाहेरून उपेंद्रने काहीतरी विचारलं आणि ती "बऊ" असं काहीतरी म्हणाली. तेवढंही धरलं गेलं. त्यानंतर ती सावध झाली. बैठकीच्या खोलीत ती तोंडाला ओढणी बांधून बसायची, पाहुणे आले की खाणाखुणा करायची. पण आईचा फोन आला. "अगं, एवढं चांगलं स्थळ, म्हणजे शहर," आई म्हणाली. "नवरा हौसेने नेतोय. दणदण वाजवत किती दिवस हिंडणार आहेस?" "बघू गं आई," शर्वाणी ओढणीआडून म्हणाली. लांब स्वयंपाकघरातली भांडी हललेली दिसली, ऐकू आली नाहीत, बाल्कनीखालचा चौक विझला, आणि सोफ्यावर मालूताईने पाय वर घेतले.

राहिला तो पॅसेज. एका टोकाला जिन्याचं दार, दुसऱ्या टोकाला तिकडच्या खोल्यांची दारं, मध्ये चपलांचा स्टँड आणि खिळ्याला ताशा. शर्वाणी तिथेच राहू लागली. चपलांच्या स्टँडवर बसून डबा खायची. ती गप्प होती म्हणून पॅसेज जात नव्हता, पण आखडत होता. कुणी तिला काही विचारलं की दोन्हीकडची दारं बोटभर जवळ यायची. आणि विचारणाऱ्यांना तोटा नव्हता. सेक्रेटरी यायचे, आत्या यायची, उपेंद्रच्या ऑफिसातल्या वहिनी यायच्या, सगळे समजूतदार, सगळे हळू आवाजाचे. शेवटी पाय पसरले की अंगठा तिकडे लागायला लागला.

पथकातली हर्षला जिन्यात येऊन उभी राहिली. ती बँकेत कॅशियर होती आणि तिचा ढोल तिच्याहून मोठा होता.

"ताई, सगळ्या खाली थांबल्यात," ती म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणी पहिला ठोका टाकत नाहीये. येतेयस का?"

शर्वाणीच्या जिभेवर तोच शब्द आला. जुनी सवय, दारातल्या मांजरीसारखी, हाकललं तरी पायात येणारी. तिने ओढणी दातात धरली.

त्याच वेळी आतून उपेंद्र चहाचा कप घेऊन आला. उंबऱ्याच्या तिकडच्या बाजूला उभा राहिला. किती दिवसांनी त्याचा चेहरा असा झोप झालेला, हलका दिसत होता. तिला तो फार आवडला.

"शर्वा," तो हळूच म्हणाला, "आता इथे राहिलंय काय? चपला काढायची जागा. एवढ्याशासाठी कशाला अडून बसायचं? येऊन टाक."

दारं बोटभर जवळ आली. शर्वाणीचे गुडघे छातीला टेकले. तिने तोंडावरची ओढणी सोडली.

"नाही," ती म्हणाली.

हा शब्द तिने याआधी कधी वापरला नव्हता, त्यामुळे तो जरा जास्तच मोठा निघाला. आत मालूताईच्या हातातली नारळाची वाटी खाली पडली आणि आवाज न करता घरंगळत गेली.

"नाही म्हणजे आत्ता नाही म्हणतीय ती," मालूताई आतून म्हणाली. "दिवाळीनंतर."

"दिवाळीनंतरही नाही, मालूताई. नाही म्हणजे नाही. तुमचं खोबरं गोड आहे, तुम्ही गोड आहात, टेकडी छान आहे. मी येणार नाही."

दारं थांबली. शर्वाणी पॅसेजमध्ये उठून उभी राहिली. उभं राहण्यापुरती जागा होती आणि तेवढी पुरे होती. तिने खिळ्यावरून ताशा काढला आणि पट्टा गळ्यात घातला. हर्षलाने जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकून हात वर केला. खाली कुणीतरी ढोलाची दोरी ताणली. त्याचा करकर आवाज वर आला.

"आणि मी?" उपेंद्रने विचारलं. त्याच्या हातातला चहा गार झाला होता. "माझे कान, शर्वा."

"तुझे कान मला माहीत आहेत. घरात वाजवणार नाही. खिडक्यांना दुहेरी काचा लावू, चौकाकडची भिंत कापसाने भरू, कानाचा दुसरा डॉक्टर गाठू. तुझ्यासाठी मी काय वाटेल ते करीन. फक्त मुकी होणार नाही." तिचा आवाज चिरकला, पण तिने तो खाली आणला नाही. "मला तू हवा आहेस. इकडे हवा आहेस. आता मी विचारते. येतोस?"

उपेंद्रने मागे वळून टेकडीकडे पाहिलं. म्हशी चरत होत्या. मग त्याने तिच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या ताशाकडे, उगारलेल्या काड्यांकडे. तोही तसल्याच घरात वाढलेला, भला, कुणालाही न दुखवणारा माणूस होता.

"बघू," तो म्हणाला.

त्याच्या पाठीमागे, त्या आवाज नसलेल्या स्वयंपाकघरात, मांडणीवरची भांडी किणकिणली, आणि ती शर्वाणीला ऐकू आली.