मनुबाईची साक्ष

वर्षालीनं वर्गाचं दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या आजीला आत आणलं.

"पुरावा विचारलात ना, मॅडम? ही माझी आजी, मनुबाई. हिचा जन्म ठाण्याच्या खाडीवर गेला. खाडीतली मासळी संपली, हे हीच सांगेल."

खाडीवरच्या प्रकल्पाचं तिचं सादरीकरण झकास झालं होतं. पण पूर्वी जाळ्यात किती मासळी यायची, हे कुठल्या कोळ्यानं लिहून ठेवलंय? जे काही होतं ते म्हातारीच्या तोंडी. प्रकल्प पास झाला तर संशोधनाची जागा, नाहीतर वागळे इस्टेटमध्ये पॅकिंगला बसायचं, असं घरातून बजावलं होतं.

परीक्षक क्षिप्रा मॅडम खुदकन हसल्या.

"अय्या, मनुबाई तुम्ही? अहो, दर रविवारी मी यांच्याचकडून मासळी घेते! परवाचा जिताडा आपल्या खाडीतलाच ना हो?"

आली का पंचाईत! आठवडाभर घोकून घेतलेलं सगळं म्हातारी विसरली. समोर गिऱ्हाईक, तेही चार लोकांत विचारतंय. आपल्या ताकाला आंबट कोण म्हणेल? ताज्या माशाचा कल्ला उघडून दाखवावा तशी तिची बोटं आपोआप हलली.

"तर! खाडीचाच. पहाटे जाल्यात गावला. माज्या पाटीला बर्फ शिवत नाय, बाय!"

पोरं हसली.

"म्हणजे मासळी आहे की," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "उत्तराला आधार लागतो, वर्षाली. नुसतं बोलून चालत नाही."

"खोटं बोलतेय ती!" वर्षाली ओरडलीच. "मासळी ट्रकनं बाहेरून येते, थर्माकोलच्या पेट्यांतून. मी स्वतः उतरवते. बर्फ धुऊन टाकायचा आणि खाडीची म्हणून विकायची, हा तिचा धंदा आहे!"

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. मनुबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. बाजारात आयुष्यभर ताठ मानेनं बसलेली बाई ती.

"पोर खरं सांगते," ती म्हणाली. "पेटीतलीच इकते मी. खाडीत आता नुसता गाळ आनि पिशव्या. पन हिला पास करा, मॅडम."

मॅडमचं हसू कुठल्या कुठे गेलं.

"मघाशी एक, आता एक. अशा बाईचं बोलणं मी पुरावा म्हणून धरू? बस खाली, वर्षाली. आणि मनुबाई, रविवारी माझ्याकडे येऊ नका. पुढचं कोण?"

चौथ्या मजल्यावरच्या व्हरांड्यात मनुबाईनं नातीला गाठलं.

"सांगितलं की गो मी शेवटी."

"आता कशाला सांगितलंस?" वर्षाली म्हणाली आणि भराभर जिना उतरून गेली.

म्हातारी कठड्याला धरून उभी राहिली. येताना लिफ्टनं आणलं होतं तिला, आणि लिफ्टचं बटण कसं दाबायचं ते तिला ठाऊक नव्हतं.